वऱ्हाडातली सायकल आणि तिचे स्वार



पावसाळ्यात वऱ्हाडातल्या काळ्या रानातून सायकल घेऊन जाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला आजचा विषय फारसा समजावून सांगावा लागणार नाही. चाक चार वेळा फिरते न फिरते तोच चिखल मडगार्डात गच्च बसतो. काडीने तो उकरायचा, दहा पावले जायचे, पुन्हा उकरायचा. शेवटी माणूस कंटाळतो, सायकल उचलून खांद्यावर घेतो आणि मुकाट्याने चालू लागतो. समोरून येणारा हटकून विचारतो, "काय गा, आज सायकलच बसली काय तुह्यावर?"

ही झाली थट्टा. पण सायकल जवळ असणे वेगळे आणि तिच्यावर बसून कामाच्या ठिकाणी पोहोचता येणे वेगळे, एवढे तिच्यावरून सहज ध्यानात येते. अलीकडे मोठमोठ्या शहरांत सायकलच्या योजना निघतात. कुठे सायकलींसाठी वेगळी वाट आखतात, कुठे भाड्याच्या सायकली ठेवतात. 'सायकल सर्वांसाठी' असे फलकही लागतात. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन शहरांतही आज ना उद्या हा विषय येणारच. तेव्हा 'सर्व' म्हणजे नेमके कोण, हे आधीच विचारून ठेवलेले बरे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर सायकलचा मागचा इतिहास पाहावा लागतो. कारण या गाडीवर कोणाला जागा मिळाली आणि कोण खाली राहिले, हे गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा घडून गेले आहे.

सायकल हे यंत्र तसे फार जुने नाही. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे अगदी लहान, अशी जी सायकल जुन्या चित्रांत दिसते, तिच्यावर चढणे हे धडधाकट तरुणाचेच काम होते. तोल गेला की माणूस थेट तोंडावर. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल विकायला काढली. तिला 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित, असेच नाव पडले. पुढे १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि हाडे खिळखिळी करणारा तो प्रवास मऊ झाला. मग बायका सायकल चालवू लागल्या, वयस्क माणसेही चालवू लागली. माणसे तीच होती, रस्तेही तेच होते. गाडीची घडण बदलली, तेव्हा जास्त माणसांची सोय झाली. गुरुजींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ज्याला एखादी वस्तू वापरता येत नाही, त्याच्यातच काही उणे आहे असे आपण चटकन समजतो. पुष्कळदा उणे त्या वस्तूत असते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. अकोला तिच्या वाटेवर होते. अमरावती बाजूला पडली, म्हणून बडनेऱ्याहून अमरावतीला वेगळा फाटा काढावा लागला. पक्के रस्ते झाले तेही बहुतेक कापसाच्या गाड्या बाजारपेठेला आणि स्टेशनला पोहोचवण्यासाठी. शेतातली पांदण मात्र होती तशीच चिखलाची राहिली. पुढे सायकल आली ती या पक्क्या रस्त्यांवर. ज्या गावाला पक्का रस्ता होता, त्या गावाला सायकल उपयोगाची; ज्याला नव्हता, त्याला ती निम्मे वर्ष भिंतीला टेकवून ठेवायची वस्तू. योजनेत रस्ता धरला नाही तर गाडीचा उपयोग किती, याचा पहिला धडा आपल्याला तिथे मिळाला.

सुरुवातीच्या सायकली परदेशातून येत. रॅले, हर्क्युलस, बी. एस. ए., हंबर ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. किंमत इतकी की साहेब, वकील, डॉक्टर, जिनिंग-प्रेसिंगचे मॅनेजर अशांनाच ती परवडावी. १९३९ साली मुंबईत 'हिंद सायकल'चा कारखाना निघाला. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर आसनसोल, मद्रास, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने उभे राहिले. १९५०-५१ साली देशात सुमारे १ लाख सायकली तयार झाल्या. दहा वर्षांनी, १९६०-६१ साली, हा आकडा १० लाखांच्या वर गेला, आणि आणखी दहा वर्षांनी २० लाखांच्या वर.

हे नुसते कारखानदारीचे आकडे नव्हेत. त्यांच्यामागून शाळामास्तर आले, ग्रामसेवक आले, पोस्टमन आले, कॅनचे ओझे दोन्ही बाजूंना लटकवलेले दूधवाले आले. अकोल्याची सावतराम मिल आणि बडनेऱ्याची विजय मिल चालू होत्या तेव्हा भोंगा झाला की सायकलींची रांग फाटकाकडे निघे. खेड्यातला मुलगा मॅट्रिक होऊन अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कॉलेजात जाऊ शकला, त्यात सायकलचा वाटा मोठा आहे. वसतिगृहाचा खर्च नको, एस. टी.ची वाट पाहणे नको. डबा कॅरिअरला अडकवला की निघाला. शिक्षण खेड्यात पोहोचले असे आपण म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ते सायकलच्या कॅरिअरवरूनच पोहोचले.

पण याच काळात एक गोष्ट अशी घडली की जिचा आपण कधी विचार केला नाही. लग्नात जावयाला काय द्यायचे? सायकल, घड्याळ, रेडिओ. मुलीच्या बापाने कर्ज काढावे, कापूस विकावा, पण सायकल द्यावी. म्हणजे कितीतरी घरांत पहिली सायकल आली ती सुनेच्या पायगुणाने आणि तिच्या बापाच्या पैशाने. ती चालवली कोणी? जावयाने. सून फार तर कॅरिअरवर बसली, तेही गावाबाहेर गेल्यावर. नऊवारी लुगडे नेसलेली बाई दिवसभर वाकून निंदण करते, बैलगाडीवर चढते, डोक्यावर दोन घागरी घेऊन चालते. तेव्हा सायकल चालवायला कपडा आड आला, हे कारण काही पटण्यासारखे नाही. आड आले ते लोकांचे बोलणे. किती घरांत सायकल आहे, हे जनगणनेत मोजता येते. घरातली कोण कोण माणसे ती चालवतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

भाड्याच्या सायकलची योजना ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे, असे आजच्या तरुणांना वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांनी जरा आठवून पाहावे. चौकात सायकलचे दुकान असे. पाच-सहा मोठ्या सायकली, दोन-तीन लहान. तासाचे भाडे काही आणे, पुढे काही पैसे. दुकानदार वहीत नाव लिही, भिंतीवरच्या घड्याळात पाही आणि सायकल देई. अनामत काय? तर "अमक्याचा पोरगा आहे" एवढीच. दांड्याखालून पाय घालून कैची मारत, गुडघे फोडून घेत, निम्मा वऱ्हाड अशा भाड्याच्या सायकलवर शिकला. हवा भरायला, पंक्चर काढायला माणूस तिथेच बसलेला. शहराच्या सायकल-योजनेत जे जे असावे असे आज तज्ज्ञ सांगतात, त्यातले बरेचसे त्या लहानशा दुकानात होते.

तरी ती योजनाही सर्वांची नव्हती, हे मान्य केले पाहिजे. दुकानदार ज्याला ओळखी त्यालाच सायकल मिळे. नव्याने शहरात आलेल्या मजुराला, दूरच्या वस्तीतल्या पोराला ओळख कोण देणार? आणि मुलगी तर त्या दुकानाच्या पायरीशी सहसा जातच नसे. म्हणजे पैशाखेरीज आणखी एक अट होती. ती फलकावर लिहिलेली नव्हती, पण सर्वांना ठाऊक होती.

नगरपालिकांनीही सायकलकडे लक्ष दिले, ते बहुधा करासाठी. अनेक गावांत सायकलला वर्षाचा कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला, किंवा दोघे बसलेले दिसले, की पोलीस अडवी. पुढे हे कर गेले. सायकलस्वाराकडून घेतलेल्या पैशातून सायकलस्वारासाठी रस्त्याची कड किती बांधली गेली, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही.

नंतर स्कूटर, मोपेड, मोटारसायकली आल्या. ज्यांना जमले ते सायकलवरून उतरून तिकडे गेले. सायकल उरली ती ज्याला दुसरा इलाज नाही त्याच्याकडे. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यातही हेच झाले. पण सायकलवाले संपले, असे समजू नका. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता हे विचारले, तेव्हा देशात शंभरातले सुमारे १३ जण सायकलने जातात असे आढळले. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात भल्या पहाटे उभे राहून पाहा. पेपर टाकणारी मुले, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, थापी-करणी पिशवीत घालून निघालेला गवंडी, हॉटेलात कामाला जाणारा पोऱ्या: हे सारे सायकलवर असतात. ते कोणत्याही योजनेची वाट पाहत थांबलेले नाहीत. नऊ वाजता, मोटारींची गर्दी होते तेव्हा, ते रस्त्याच्या कडेला ढकलले जातात, आणि आपल्याला वाटते सायकल आता कोणी चालवत नाही.

रस्त्यांचेच पाहा. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि जागतिक विक्रमांच्या गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रणरणत्या उन्हात, रात्रंदिवस खपून कामगारांनी ते करून दाखवले. वऱ्हाडाला त्याचा अभिमान वाटावा असेच ते काम आहे. मनात आणले तर आपण किती वेगाने रस्ता करू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. मग त्या महामार्गाला येऊन मिळणाऱ्या खेड्यातून दहावीतली मुलगी सायकलवर निघाली, तर तिने तो ओलांडायचा कुठे, तिच्यासाठी कड किती रुंद, अंधारात तिथे दिवा आहे की नाही, हे प्रश्न अवघड आहेत म्हणून सुटले नाहीत असे म्हणता येईल काय? ते कामाच्या यादीत यायला हवेत, एवढेच.

इथे थोडे थांबून एका जुन्या घटनेची आठवण करून देतो. वरवर ती सायकलपासून दूरची वाटेल. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. पण त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावे लागले, आणि त्यानंतर लोकांनी मारही खाल्ला. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते, आणि नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली.

सायकलची वाट आणि पाण्याचा हक्क यांची बरोबरी मी करीत नाही. तो लढा माणुसकीचा होता. पण त्या इतिहासाने आपल्याला एक मोजमाप दिले आहे, ते सगळ्याच सार्वजनिक गोष्टींना लावता येते. ठराव झाला म्हणजे वस्तू सर्वांची झाली असे नाही. सर्वात शेवटी उभा असलेला माणूस ती वस्तू न घाबरता, कोणाची परवानगी न मागता वापरू लागला, म्हणजे ती सर्वांची झाली.

या मापाने आपल्याकडच्या काही योजना तपासून पाहू.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुके निवडलेले आहेत. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके त्यांत आहेत. या तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. त्यापेक्षा लांबच्या मुलींसाठी एस. टी.च्या खास बसगाड्या आहेत. योजना चांगली आहे. ज्या घरात सायकल म्हणजे बापाची किंवा भावाची, तिथे पहिल्यांदा मुलीच्या नावाने सायकल आली. हुंड्याच्या त्या जुन्या सायकलशी ही ताडून पाहा, म्हणजे हा बदल केवढा मोठा आहे ते कळेल. पण तालुक्याच्या शिवेपलीकडे, तेवढीच गरीब, तेवढीच पायपीट करणारी मुलगी असेल तर ती या योजनेत बसत नाही. सातवीनंतर शाळा सोडलेली बसत नाही. घाटातल्या चढावर, पावसाळ्यात ओढा भरून आल्यावर, सायकल घरी ठेवून ती पायीच निघते. आणि संध्याकाळी सायकल घरी आली की ती पुन्हा बापाची होते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

बिहारात २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. तिचा पुढे काळजीपूर्वक अभ्यास झाला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. ज्या गावांपासून शाळा ३ किलोमीटरांहून लांब, तिथे फरक सर्वात जास्त. गावातल्या नववीच्या सगळ्याच मुलींना सायकल मिळाल्यामुळे त्या घोळक्याने निघू लागल्या. एकटीला जी वाट भीतीची वाटे, ती दहाजणींना वाटेनाशी झाली.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात तर १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवणे घातले होते. अक्षरे शिकायची तशी सायकलही शिकायची. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, परिचारिका, अंगणवाडीच्या ताई हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि काहीजणींना त्याच जास्त आवडल्या, का म्हणाल तर पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते! बाईला दांड्याची अडचण होते, असे सगळ्या जगाने गृहीत धरले होते. ज्यांना सायकल चालवायची होती त्यांना विचारले, तेव्हा वेगळेच उत्तर मिळाले.

आता शहरांच्या योजना. १९६५ साली हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर मोकळ्या ठेवल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी आणि काम झाले की सोडावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पण कल्पना टिकली आणि चाळीस-पन्नास वर्षांत जगभर पसरली. लंडनमध्ये २०१० साली अशी मोठी योजना सुरू झाली. भाडे देण्यासाठी बँकेचे कार्ड लागे. नंतर अभ्यासकांनी पाहिले तेव्हा वापरणाऱ्यांत पुरुष जास्त आणि बऱ्या स्थितीतल्या वस्त्यांतली माणसे जास्त आढळली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने यावरून धडा घेतला. २०१५ साली तिथे योजना सुरू करताना दुकानात रोख पैसे भरून सायकल घेण्याची सोय ठेवली.

पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात अशा सायकली आल्या. मोबाइल फोन लावला की कुलूप उघडे. कौतुक खूप झाले. पुढे काही कंपन्यांनी आपला व्यवसायच आवरला, काही सायकलींची मोडतोड झाली, आणि दोन-तीन वर्षांत त्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. ज्याच्याजवळ भारी फोन आणि बँकेत खाते, त्याच्यासाठी कुलूप उघडत होते. सकाळी सहाला धुणीभांडी करायला निघालेल्या बाईसाठी ते उघडत नव्हते. आणि तिच्या वस्तीजवळ सायकलींचा थांबा असावा, ही गोष्टही आधी कोणाच्या डोक्यात यायला हवी होती. चौकातला तो जुना दुकानदार निदान तोंड ओळखून सायकल देई. फोनला तोंडओळख चालत नाही.

हे सारे आता आपल्या दाराशी येणार आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितले की रस्त्याचा विचार गाड्यांपेक्षा माणसांच्या सोयीने करावा. २०१९ साली केंद्र सरकारने हवा शुद्ध राखण्यासाठी देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या शहरांच्या यादीत अकोला आणि अमरावती ही दोन्ही नावे आहेत. हवा सुधारायची तर धूर न सोडणारी वाहने हवीत, आणि त्यात पहिले नाव सायकलचे. म्हणून हे प्रश्न आत्ताच विचारले पाहिजेत. वाट आखून झाली, सिमेंट वाळले, म्हणजे मग बोलून उपयोग नसतो.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, ही शहराची गोष्ट, आपल्याला काय तिचे? तर तसे नाही. वलगावाहून अमरावतीत किंवा बोरगाव मंजूहून अकोल्यात जो रोज कामाला, कॉलेजला, बाजाराला येतो, त्याचे नाव शहराच्या मतदारयादीत नसेल, पण त्याचा दिवस शहराच्या रस्त्यावर जातो. योजनेत 'रहिवासी' असा शब्द असेल तर तो यात मोजला जाईल काय? सायकलची वाट बागेभोवती गोल फिरणारी असेल तर ती सकाळच्या व्यायामाला चांगली; मोंढ्यात, दवाखान्यात, औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. वाटेच्या तोंडाशी मोटारसायकल शिरू नये म्हणून जवळजवळ खांब रोवले, तर अपंग बांधवाची हाताने चालवायची तीनचाकी अडते आणि भाजीची तीनचाकीही अडते. वाट फक्त तरुण, धडधाकट, मोकळ्या हाताच्या माणसाच्या मापाने आखली तर आपण पुन्हा त्या उंच चाकाच्या सायकलपाशी जाऊन पोहोचलो, असे समजा. आणि आपल्याकडचे वैशाखातले ऊन! अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो. सावलीची झाडे आणि प्यायचे पाणी हे इथे रस्त्याइतकेच आवश्यक आहे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवतो. त्याला खर्च नाही. आपल्या शाळेजवळच्या रस्त्यावर किंवा गावातून शहराकडे जाणाऱ्या फाट्यावर, सुरक्षित जागी, वरच्या वर्गातल्या मुलामुलींना घेऊन एक तास बसा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. वहीत रकाने पाडा: सायकलवर पुरुष किती, बायका किती, शाळेची मुले किती, मुली किती, साठीच्या पुढचे किती, ओझे घेऊन जाणारे किती, दिवा नसलेल्या सायकली किती, उतरून ढकलत नेणारे किती, आणि कोणत्या ठिकाणी उतरले. कोणाचे नाव विचारू नका, फक्त मोजा. मग वर्गात परत येऊन आणखी एक मोजणी करा. कोणाच्या घरी सायकल आहे, ते हात वर करून विचारा. आणि घरातल्या कोणकोणत्या बाईला ती चालवता येते, हे मुलांनी घरी विचारून दुसऱ्या दिवशी सांगावे.

हे आकडे फळ्यावर मांडा. गणिताचा तास होईल, नागरिकशास्त्राचाही होईल. त्याची एक प्रत ग्रामसभेत वाचा, एक महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे पाठवा. रस्त्याच्या योजना आखणाऱ्यांजवळ मोटारींचे आकडे असतात. पहाटे साडेपाचच्या दूधवाल्याचा आणि ओढ्याकाठी सायकल उचलून घेणाऱ्या मुलीचा आकडा तिथे सहसा नसतो, कारण तो घ्यायला कोणी गेलेले नसते. तो आपल्या शाळेतून गेला, तर निदान माहीत नव्हते असे कोणाला म्हणता येणार नाही.